'जातिवंत' या शब्दाची किंमत

दलित साहित्याच्या आणि विचाराच्या नियतकालिकात कुत्र्यांवर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. ज्या समाजात माणसाला माणूस म्हणून जगण्यासाठी अजून झगडावे लागते, तेथे कुणी कोणते कुत्रे पाळावे, ते विकत घ्यावे की रस्त्यावरचे उचलून आणावे, हा पोट भरलेल्यांचा वाद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या वादात जे शब्द वापरले जातात ते कुत्र्यांसाठी जन्मलेले नाहीत. जातिवंत, अस्सल, शुद्ध रक्त, वंशावळ, संकर, गावठी, बेवारस, दत्तक हे सगळे शब्द माणसांच्या व्यवहारातून तिकडे गेले आहेत. तिकडे त्यांना कोणी हटकत नाही, म्हणून ते अधिक निर्धास्त होऊन माणसांत परत येतात. या शब्दांची तपासणी करणे हे आपले काम आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

मराठीत 'जातिवंत' हे विशेषण घोड्याला लागते, कुत्र्याला लागते आणि कवीलाही लागते. प्रस्थापित समीक्षकाला एखाद्या लेखकाचे मनापासून कौतुक करायचे असले की तो त्याला 'जातिवंत कलावंत' म्हणतो. हे विशेषण वापरणारा प्रत्येक जण जातीयवादी असतो, असे मला म्हणायचे नाही. वापरून वापरून तो शब्द गुळगुळीत झाला आहे. तरीही गुण जन्मातून येतो, हे गृहीत त्याच्या पोटात कायम आहे. याच्या उलट शब्द 'गावठी'. गावठी दारू, गावठी कट्टा, गावठी इलाज, गावठी कुत्रे. गंमत अशी की ताटात आले की हेच गावठी महाग होते. बाजारात गावरान कोंबडीला आणि गावरान अंड्याला ब्रॉयलरपेक्षा जास्त भाव मिळतो. म्हणजे गावठी जिवाचे मांस चालते, त्याचा वंश दारात चालत नाही. ज्यांचे श्रम चालत होते पण सावली चालत नव्हती, त्यांच्या नातवंडांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

मराठवाड्यातल्या शहरांच्या नव्या वसाहतींत आता लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पग, रॉटवायलर दिसतात. बर्फाळ प्रदेशात गाडी ओढण्यासाठी वाढवलेले हस्की जातीचे कुत्रेही बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पंख्याखाली धापा टाकताना दिसते. २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे चालणारे पग दाखवले गेले, आणि चपट्या नाकाचे ते कुत्रे देशभर मागणीत आले. किराणा दुकानात कुत्र्यांच्या खाद्याचे जे पाकीट टांगलेले असते, त्याचे नावच 'पेडिग्री' आहे. पेडिग्री म्हणजे वंशावळ. वंशावळ हा शब्द खाद्याच्या पाकिटावर छापून विकता येतो आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही, इतका तो आपल्या अंगवळणी पडला आहे.

ही 'शुद्ध जात' फार पुरातन आहे, असा अनेकांचा समज असतो. तो खोटा आहे. इंग्लंडमध्ये केनेल क्लब स्थापन झाला तो १८७३ साली. त्यानंतर कुत्र्यांच्या वंशनोंदीची वही ठेवली जाऊ लागली, आणि ज्याचे आईबाप त्या वहीत आहेत त्याचीच नोंद त्या वहीत व्हावी, असा दंडक रूढ झाला. वही बंद झाली. यानंतर दहाच वर्षांनी, १८८३ साली, त्याच इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन याने माणसांच्या सुप्रजननशास्त्राला इंग्रजी नाव दिले. एकाच काळातल्या, एकाच वर्गाच्या मनातल्या या दोन गोष्टी आहेत. चांगल्याचा चांगल्याशी संबंध व्हावा, वाईटाचा होऊ नये, आणि चांगले कोण हे वही ठेवणाऱ्याने ठरवावे.

बंद वहीचे शास्त्र आपल्याला नवे नाही. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेब आंबेडकरांनी जातीची यंत्रणा उलगडून दाखवली. जातीचा गाभा म्हणजे जातीअंतर्गत विवाह, आणि तो टिकवायचा तर स्त्रीवर पहारा बसवावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली त्या पहाऱ्यातूनच आल्या, असे त्यांनी मांडले. शुद्ध रक्ताचा धंदा करणाऱ्याकडे जाऊन पाहा. तेथेही सर्व व्यवस्था मादीभोवती उभी असते. ती माजावर आली की तिला कोंडायचे, ठरलेल्या नराकडेच न्यायचे, ती व्याली की पिल्ले मोजायची, आणि पुन्हा तिच्या पुढच्या माजाची वाट पाहायची. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केले. मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत तिची वीण घेऊ नये, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा घेऊ नये, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, अशा अटी त्यात आहेत. असा नियम करावा लागतो याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची गरज नाही. सहाव्या खेपेनंतर त्या मादीचे काय होते, हे मात्र गिऱ्हाईक कधी विचारत नाही. त्याला फक्त पिल्लू दिसते.

बंद वहीचा परिणाम त्या प्राण्यांच्या शरीरावर लिहिला गेला आहे. २००८ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवले की ब्रिटनमधल्या सुमारे दहा हजार पगांमध्ये जेवढे आनुवंशिक वैविध्य आहे, ते अवघ्या पन्नासेक स्वतंत्र कुत्र्यांत मावेल. त्याच वर्षी बीबीसीने दाखवलेल्या एका माहितीपटात कॅव्हलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ही जात लोकांनी पाहिली. तिच्यात कवटी मेंदूला अपुरी पडते आणि जनावर वेदनेने विव्हळते. पग आणि बुलडॉग यांचे नाक इतके आत दाबले गेले आहे की श्वास घेणे हेच त्यांचे कष्टाचे काम होऊन बसले. बुलडॉगच्या बहुतेक माद्यांची सुटका पोट फाडूनच करावी लागते. या माहितीपटानंतर बीबीसीने २००९ पासून त्या देशातल्या प्रसिद्ध श्वानप्रदर्शनाचे प्रक्षेपण थांबवले. आईमुलाचा, बापलेकीचा आणि सख्ख्या भावंडांचा संबंध लावून झालेल्या पिल्लांची नोंद केनेल क्लबने बंद केली तीही त्या टीकेनंतरच. तोवर ती होत होती. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली कॅव्हलियर जातीची आहे तशी पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्याविरुद्ध ठरवली. शुद्धतेचा आग्रह शेवटी त्या शुद्ध म्हणवल्या जाणाऱ्या जिवालाच खातो, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे.

'जातिनिर्मूलन' या १९३६ सालच्या भाषणात बाबासाहेबांनी रक्तशुद्धीचा दावा तपासला आहे. जाती हे वंशभेद नाहीत, हे त्यांनी सांगितले. आणि क्षणभर ते वंशभेद आहेत असे धरले तरी, वेगवेगळे वंश हे एकाच जीवजातीचे प्रकार असतात, त्यांच्यात संबंध होऊन धडधाकट संतती होऊ शकते, मग मिश्रणाला विरोध कशासाठी, असा प्रश्न त्यांनी विचारला. हा प्रश्न केनेल क्लबलाही लागू पडतो. चिहुआहुआपासून ग्रेट डेनपर्यंत सगळी कुत्री एकाच जीवजातीची आहेत. त्यांच्यामधल्या भिंती निसर्गाने घातलेल्या नाहीत, वही ठेवणाऱ्यांनी घातल्या आहेत.

येथे कोणी म्हणेल की मग हल्ली निघालेली 'डिझायनर' कुत्री ही प्रगती समजली पाहिजे. दोन जातींचा संकर करून तयार केलेली ही कुत्री आहेत. भिंती मोडल्या गेल्या, आणखी काय हवे? हा युक्तिवाद वरवर आकर्षक आहे. म्हणून त्याच्या उगमाशी गेले पाहिजे.

ऑस्ट्रेलियात अंधांसाठी वाटाड्या कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ पैदाशीचे काम पाहत. हवाईतल्या एका अंध बाईला कुत्रे हवे होते, पण तिच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांचा त्रास होई. म्हणून त्यांनी १९८९ साली लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर केला. पिल्ले झाली. एक त्या बाईसाठी निवडले गेले. उरलेल्यांना सांभाळायला कोणी तयार होईना. कुत्र्यासाठी प्रतीक्षायादीत ताटकळणाऱ्या लोकांनाही संकरित पिल्लू नको होते. तेव्हा कॉनरन यांनी त्या पिल्लांना 'लॅब्राडूडल' असे नवे नाव दिले आणि नवी जात म्हणून त्यांचा गाजावाजा केला. त्याबरोबर मागणी सुरू झाली. पिल्ले तीच होती, रक्त तेच होते, फक्त नाव बदलले होते. पुढे जगभर असे शेकडो संकर निघाले. त्यांच्या केसांचा त्रास होत नाही, हा दावाही नंतर टिकला नाही. अशा कुत्र्यांच्या घरांत त्रासदायक घटक कमी असल्याचे २०११ आणि २०१२ सालच्या संशोधनांत आढळले नाही. आपण हे सुरू केले याचा पश्चात्ताप होतो, असे स्वतः कॉनरन यांनी २०१९ साली जाहीरपणे सांगितले.

या हकिगतीत आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच आहे. संकर अपवित्र मानला जातो तो केवळ संकर आहे म्हणून नव्हे, तो कोणाच्या परवानगीने झाला यावर ते ठरते. मालकाने नर निवडला, मादी निवडली, नाव दिले, दर ठरवला, की तो संकर 'डिझायनर' होतो. रस्त्यावर आपापल्या मर्जीने झालेला संकर मात्र 'भटका' राहतो. जातीची भिंत मोडलेली नाही. भिंतीला दार बसवले आहे, आणि त्याची किल्ली धंदेवाल्याच्या खिशात आहे.

जालना जिल्ह्यातल्या वाचकाला हे समजायला परदेशी उदाहरणाचीही गरज नाही. हे बियाण्याचे गाव आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको ही कंपनी सुरू केली, तेव्हापासून 'हायब्रीड' हा शब्द येथे घरोघर रुळला. संकरित वाणाचे पहिल्या पिढीचे बियाणे एकसारखे आणि जोमदार उगवते. त्याच पिकाचे बी घरी राखून पुढच्या वर्षी पेरले तर शेतात नाना प्रकारची झाडे येतात. म्हणून दरवर्षी नवी पिशवी घ्यावी लागते, आणि मूळ नर-मादी ओळी ज्याच्या ताब्यात त्याच्या हातात नाडी राहते. कळी उघडण्याआधी तिच्यातले पुंकेसर काढून टाकणे आणि मग हाताने पराग लावणे, हे बोटांचे काम बीजोत्पादनाच्या प्लॉटवर बहुतांशी भूमिहीन घरांतल्या बायका करतात. संकर त्यांच्या हातून होतो, नाव पिशवीवरचे लागते. डिझायनर कुत्र्याचेही असेच आहे. पहिल्या पिढीतली पिल्ले बऱ्यापैकी सारखी निघतात, दुसऱ्या पिढीत ती पांगतात. बियाण्याच्या बाबतीत निदान माणसाचे पोट भरते, एवढे तरी समर्थन आहे. कुत्र्याच्या बाबतीत शोभेपलीकडे समर्थन सापडत नाही.

आता हाच 'संकर' शब्द माणसांत आणून पाहू. मनुस्मृतीने वर्णसंकराची मोठी यादी केली आहे. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांच्या संततीला तिने चांडाळ ठरवले, गावाबाहेर काढले, आणि कुत्री व गाढवे हेच त्याचे धन असे सांगितले. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ सालच्या आत्मकथनाचे नावच 'अक्करमाशी' आहे. बारा माशांचा तोळा पूर्ण, अकरा माशांचा उणा. पाटील बाप आणि महार आई यांच्या पोटी आलेल्या मुलाला गाव या वजनाने तोलते. शाळेच्या दप्तरात बापाचे नाव काय लावायचे, येथून त्याची फरफट सुरू होते. तेथेही संकर झाला होता, आणि तेथेही तो सत्तावानाच्या मर्जीने झाला होता. मात्र त्याची किंमत आईने आणि मुलाने मोजली. ज्या समाजात माणसाच्या लेकराला संकर म्हणून उणे ठरवले जाते आणि कुत्र्याच्या पिल्लाला संकर म्हणून अधिक दाम मिळतो, त्या समाजाचा आक्षेप संकरावर कधीच नव्हता. त्याचा आक्षेप माणसांच्या समतेवर होता.

वंशावळीच्या कागदाचेही तसेच. कुत्र्याबरोबर केनेल क्लबचा दाखला आला की दर वाढतो. आपल्याकडे जून महिन्यात महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर मुले रांगेत उभी असतात. त्यांना जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा हवा असतो. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, तर त्यांच्या शाळेचा उतारा आणायचा कुठून? मराठवाड्यात तर जुनी दप्तरे उर्दूत आणि मोडीत. २०२३ साली याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्याची मोहीम निघाली, तेव्हा वंशावळ हा शब्द गावोगाव पोचला. येथे भेद लक्षात घेतला पाहिजे. माणूस जातीचा कागद मागतो तो जातीने हिरावलेला हक्क मिळवण्यासाठी. कुत्र्याचा मालक वंशाचा कागद मागतो तो प्रतिष्ठा विकत घेण्यासाठी. पहिला कागद एक दिवस निरुपयोगी व्हावा, असे आपल्याला वाटते. दुसरा कधीच निरुपयोगी होऊ नये, असे बाजाराला वाटते.

जन्मावरून गुण ठरवणारे शास्त्र जन्मावरून दोषही ठरवते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींची कुत्री आणि त्यांचे संकर 'हिंस्र' म्हणून त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास राज्यांना कळवले. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते पत्रक रद्द केले. एखादे कुत्रे धोकादायक असू शकते आणि त्याचा बंदोबस्तही केला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु यादी करून जातच्या जात हिंस्र ठरवण्याची रीत ऐकली की आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांना १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवल्याशिवाय राहत नाही. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. पोलिसांच्या मनातून तो अजून गेलेला नाही.

तर मग विकत घेऊ नका, रस्त्यावरचे उचलून घरी आणा, हे म्हणणारे बरोबर आहेत काय? माझे उत्तर असे की निवड म्हणून ते नि:संशय बरोबर आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली. इतके जीव उघड्यावर असताना केवळ वंशासाठी नवे जीव जन्माला घालणे आणि त्यांच्या आयांना त्यासाठी राबवणे, याला नैतिक आधार नाही. परंतु निवड बरोबर असली तरी तिच्यामागची भाषा तपासावी लागते.

आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्याला इंग्रजी ग्रंथांत 'परिया डॉग' म्हटले गेले. हा 'परिया' कोण? तामिळनाडूतली परैयर ही अस्पृश्य जात. परै हे त्यांचे वाद्य. इंग्रजांनी त्या जातीच्या नावाचा अर्थ 'बहिष्कृत' असा केला आणि तोच शब्द कुत्र्याला चिकटवला. कित्येक कोशांत आणि श्वानशास्त्राच्या पुस्तकांत तो आजही आहे. आता शहरातले प्राणिप्रेमी त्या कुत्र्याला प्रेमाने 'इंडी' म्हणतात. नाव बदलले, हे चांगले झाले. परंतु वरून दिलेले गोड नाव आपल्याला परिचयाचे आहे. 'हरिजन' हेही प्रेमानेच दिलेले नाव होते. बिस्किटे टाकायची, छायाचित्र काढायचे, आणि त्या कुत्र्याने चावा घेतला की ती जबाबदारी नगरपालिकेची, याला दया म्हणता येईल, नीती म्हणता येणार नाही.

कारण या दयेचा खर्च दुसराच कोणीतरी भरतो. २०२४ साली देशात कुत्रा चावल्याच्या सदतीस लाखांहून अधिक घटनांची सरकारदरबारी नोंद झाली. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. पहाटे झाडू घेऊन निघणारी बाई, उकिरड्यावर प्लास्टिक वेचणारे पोर, रात्रपाळीहून पायी परतणारा मजूर यांची गाठ या कुत्र्यांशी पडते. मोटारीतून जाणाऱ्याची पडत नाही. कचरा आमच्या वस्तीच्या कडेला टाकला जातो, म्हणून कुत्रीही तेथेच जमतात. कुत्री पकडायची, मेलेले कुत्रे उचलायचे ही कामेही याच वस्तीतल्या माणसांच्या वाट्याला येतात, आणि प्राणिप्रेमी त्यालाच निर्दय म्हणतो. प्राणिमित्रांच्या सभेत हा माणूस बोलायला उभा राहिलेला निदान माझ्या पाहण्यात नाही.

सर्वोच्च न्यायालयात २०२५ साली हा वाद गेला तेव्हा दोन्ही टोके दिसली. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली सर्व भटकी कुत्री उचलून कोंडवाड्यात ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नयेत, खाऊ घालण्याच्या जागा ठरवाव्यात, असे सांगितले गेले. ज्यांना कुत्रे दत्तक घ्यायचे त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची, असेही त्यात होते. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणांहून कुत्री कायमची हलवण्याचा आदेश झाला. या तपशिलांवर मतभेद असू शकतात. मला त्यातला 'जबाबदारी' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक संस्थांचे काम असल्याचे २००१ पासून नियमांत आहे, २०२३ च्या नियमांतही आहे. हे काम मागणे हा वस्तीचा हक्क आहे. आणि कुत्रे दत्तक घेणे म्हणजे ते काम आपल्या दारापुरते स्वतः अंगावर घेणे. लस, नसबंदी, पट्टा, अन्न, आजारपण, म्हातारपण, सगळे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दलित माणूस आणि रस्त्यावरचे कुत्रे यांची तुलना मी करीत नाही. ती तुलना या व्यवस्थेने केली, आणि आपल्या चळवळीने ती नाकारली. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पिऊ शकत होती, माणसे पिऊ शकत नव्हती. १९३१ साली मणिभवनात गांधीजींशी झालेल्या भेटीत बाबासाहेबांनी कुत्र्यामांजरांपेक्षा हीन वागणुकीचा दाखला दिला. त्यामुळे आपल्या साहित्यात कुत्रे येते ते बहुतेक वेळा मापकाठी म्हणून. आपला अपमान किती खोल होता हे दाखवण्यासाठी. ते समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे एक उणीव राहिली. वस्तीतले कुत्रे स्वतः काय होते, हे आपण फारसे लिहिले नाही. ते विकत आणलेले नव्हते, दत्तकही नव्हते. ते अर्धी भाकर खाऊन दाराशी पडलेले असे. गावाने वेशीवर जागणाऱ्या वेसकराची आणि कुत्र्याची स्तुती एकाच शब्दाने केली, 'इमानी'. त्या स्तुतीत मालकाचा स्वार्थ होता, म्हणून ती आपण झिडकारली. वस्तीतल्या माणसाचे आणि कुत्र्याचे नाते मात्र या इमानाहून वेगळे होते.

ते नाते मारी सेल्वराज यांनी २०१८ च्या 'परियेरुम पेरुमाळ' या तमिळ चित्रपटात दाखवले. दलित तरुणांबरोबर शिकारीला जाणारी करुप्पी ही कुत्री सवर्ण मुले रेल्वेच्या रुळाला बांधून मारतात. ती करुप्पी कोणाच्या दयेवर जगणारी नाही, वस्तीची सोबतीण आहे. तिला मारणे हा वस्तीवर केलेला हल्ला आहे, हे प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. आणि आपल्याकडे एक छायाचित्र आहे. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेले. बाबासाहेब, रमाबाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, आणि त्यांच्याबरोबर टॉबी नावाचा कुत्रा. हे छायाचित्र आपल्या असंख्य घरांत आहे. त्यातला टॉबी कोणत्या वंशाचा, असे कोणी विचारत नाही. तो घरातला आहे, एवढे पुरते.

हा लेख मुख्यतः आपल्यातल्या नव्या नोकरदार वर्गासाठी आहे. पहिल्या पिढीत पदवी आली, दुसऱ्या पिढीत प्लॉट आला, घर आले, फाटक आले. फाटकाच्या आत कोणते कुत्रे असावे हा प्रश्न आता आपल्याही घरात येतो. ज्यांना शतकानुशतके काही बाळगू दिले नाही त्यांनी हौस करू नये, असे मी म्हणणार नाही. पण पाहुण्याला आपण अभिमानाने 'एकदम प्युअर आहे, कागद आहेत' असे सांगतो, तेव्हा आपण कोणाची भाषा बोलत असतो? हॉलमध्ये बाबासाहेबांची तसबीर आणि फाटकाशी शुद्ध रक्ताचा दाखला, या दोहोंपैकी एकच खरा असू शकतो.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. जन्माची किंमत देऊन कोणताही जीव विकत घेऊ नये, मग तो शुद्ध म्हणून विकला जावो की डिझायनर म्हणून. ज्याला सोबत हवी त्याने वस्तीतले पिल्लू घ्यावे, त्याला लस टोचावी, त्याची नसबंदी करावी आणि मरेपर्यंत ते सांभाळावे. ज्याला पाळायचे नाही त्याने नगरपालिकेकडे, ग्रामपंचायतीकडे लसीकरणाचा आणि कचऱ्याचा हिशेब मागावा, आणि सरकारी दवाखान्यात रेबीजची लस आहे की नाही हे विचारावे. आणि आपल्या शिक्षकांनी, समीक्षकांनी 'जातिवंत' हा शब्द कौतुकासाठी वापरणे बंद करावे. चांगल्या कवीला चांगला कवी म्हणावे, चांगल्या कुत्र्याला चांगले कुत्रे म्हणावे. मराठी भाषेचे त्यात काही कमी होणार नाही.